हवेचा पहारा

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला घरात मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही. मीठ बायको अंदाजाने घालते आणि तो अंदाज चुकत नाही, हे दुःख वेगळेच. त्यामुळे सुनेच्या सायकल क्लबाने शर्यतीच्या तांत्रिक तपासणीचे काम देऊ केले, तेव्हा काटेसाहेबांनी ते मुळीच आढेवेढे न घेता स्वीकारले. काटे हे त्यांचे आडनाव नव्हे. नोकरीत असताना एका भुसाऱ्याच्या तराजूचा काटा त्यांनी भर बाजारात भिंगातून पाहिला होता. तेव्हापासून गावाने त्यांचे बारसे नव्याने केले.

क्लबाचा नियम सोपा होता: शॉक हवा धरत नसेल तर सायकल बाद. शॉक म्हणजे मागच्या चाकाचा दणका गिळणारे नळकांडे. त्यात स्प्रिंगऐवजी दाबून भरलेली हवा असते. सुनेच्या वजनाला दाब लागे एकशे ऐंशी पौंडांचा. डोंगरउताराची ही शर्यत जिंकली तर तिला संघात जागा मिळणार होती, आणि त्यासाठी तिने वर्षभर गुडघे सोलून घेतले होते. तिची सायकल पास की नापास, हे मात्र सासऱ्याने ठरवायचे होते. आणि हा सासरा सख्ख्या भावाचाही तराजू जप्त करून आलेला होता.

शर्यतीच्या आठवड्यात सायकल दिवाणखान्यात आली. काटेसाहेबांनी शॉक पंपाची नळी व्हॉल्व्हवर फिरवून बसवली, डायलवर एकशे ऐंशी येईपर्यंत दट्ट्या मारला आणि नळी काढली. ‘फिस्स’ असा आवाज झाला. तो त्यांच्या जिव्हारी लागला. न्याहारी झाल्यावर त्यांनी नळी पुन्हा लावली. काटा एकशे पासष्टवर.

“गळतोय,” ते म्हणाले.

“कोरा करकरीत शॉक आहे, बाबा. गळेल कशाला?” सून बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली.

“कोऱ्या तराजूनंही लोक फसवतात.”

त्यांनी शॉक सोडवून बादलीत बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. यावरून सामान्य माणसाने गळती नाही एवढाच निष्कर्ष काढला असता. काटेसाहेब पुढे गेले: हवा आपणहून जात नाही, अर्थात ती कोणीतरी नेते.

शॉक परत चढवून पहारा बसवण्यात आला. सकाळी मुलगा, दुपारी बायको, संध्याकाळी तळमजल्यावरचे दंतवैद्य. शिस्त सरकारी गोदामाची: ताबा देणाऱ्याने माल मोजून द्यायचा, घेणाऱ्याने मोजून घ्यायचा. एकाची मोजणी दुसऱ्याने ग्राह्य धरायची नाही, म्हणून दोघांनीही नळी स्वतः लावायची आणि स्वतः काढायची. परिणाम असा झाला की देणाऱ्याचा आकडा घेणाऱ्याशी कधीच जुळेना. दर पाळीला हवा कमी भरे, आणि दर पाळीला आधीचा पहारेकरी चोर ठरे.

“माझ्या दवाखान्यात आख्खा कॉम्प्रेसर आहे,” दंतवैद्य दुखावून म्हणाले. “मला तुमची उसनी हवा कशाला लागेल?”

“आणि मला?” सासूबाई म्हणाल्या. “अहो, उभा जन्म तुमची भाषणं ऐकण्यात गेला. हवेची मला कधी ददात पडली नाही.”

मुलगा काहीच बोलला नाही; त्यामुळे संशय त्याच्यावर पक्का झाला.

काटेसाहेबांनी पहारा कडक केला. पाळ्या लहान केल्या, पहारेकरी वाढवले, वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटालाही जुंपले. चोरीने थांबण्याऐवजी वेग घेतला. शर्यतीच्या आदल्या दुपारपर्यंत शॉक असा खचला, की सीटवर नुसता हात टेकला तरी सायकल मागच्या मागे बसे.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा ते सायकलीसमोर मान खाली घालून बसले होते.

“उद्या मला तुला नापास करावं लागणार,” ते म्हणाले. “मनाला लावून घेऊ नकोस.”

“मग कशाला लावून घेऊ? कोपराला?” सून म्हणाली. “बाबा, एक सांगा. सगळ्यात कमी हवा कोणाच्या पाळीत गेली?”

“तुझ्या सासूच्या. परवा पाळी घेतली आणि तिथंच घोरत पडली. तिला उठवण्यापेक्षा मी पुढच्या दोन पाळ्याच रद्द केल्या. इतका वेळ मोकळं रान होतं, पण चोरानं एका पाळीपुरतीच नेली.”

सुनेने पंप उचलून त्यांच्या हातात दिला.

“एकशे ऐंशी भरा,” ती म्हणाली. “नळी काढा आणि लगेच लावा. मध्ये चोराला शिंकायलाही फुरसत देऊ नका.”

त्यांनी तसे केले. घरचे सगळे भोवती उभे होते. कोणाचा हात सायकलीला लागला नव्हता. काटा एकशे पासष्टवर.

काटेसाहेबांनी चष्मा पुसला. पहिल्या दिवशी न्याहारी होईपर्यंत जेवढी हवा गेली होती, तेवढीच आता एका श्वासात गेली होती.

“नळी लावता तेव्हा ती रिकामी असते ना?” सून म्हणाली. “लावली की आपला घास शॉकमधून घेते, म्हणून काटा खाली दिसतो. काढताना फिस्स होतं ती फक्त नळीतली हवा. शॉकचं तोंड त्याआधीच मिटलेलं असतं.”

“म्हणजे चोर…”

“मोजणी.”

“कुंपणानंच शेत खाल्लं की,” सासूबाई म्हणाल्या आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

इतक्या वर्षांत काटेसाहेबांनी असा माल पाहिला नव्हता, जो मोजला की कमी होतो.

सकाळी डोंगरमाथ्यावर तपासणीची रांग लागली. सुनेची पाळी आली. त्यांनी नळी लावली, दट्ट्या मारून काटा एकशे ऐंशीवर आणला, काटा तसूभर हलत नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहिले. आता नळी काढायची होती. त्यांची बोटे नळीच्या टोकाच्या पितळी चकतीवर आली आणि तिथेच थबकली.

स्पर्धकांना सोडणाऱ्या शिट्टीवाल्याने सुनेचा क्रमांक पुकारला. मग पुन्हा पुकारला.

“साहेब, पंप जुंपूनच पाठवताय का तिला?” त्याने विचारले. “आता निघाली नाही तर बाद धरीन.”

“बाबा, सोडा,” सून हळूच म्हणाली.

“सोडलं की आत किती आहे, हे मला कसं कळणार?”

“नाहीच कळणार. पण असेल आतच.”

“आणि मी पास म्हणायचं? न बघता?”

“बघितलंत की आत्ता. आणखी बघितलंत तर उरणार नाही.”

काटेसाहेबांनी डोळे मिटले आणि चकती फिरवली. फिस्स. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिले. नळी पुन्हा लावण्यासाठी त्यांचा हात आपोआप पुढे झाला. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला.

“पास,” ते म्हणाले.

शिट्टी वाजली. ती निघाली, आणि पहिल्याच खडकावरून सायकल हवेत गेली. मागचे चाक जमिनीवर आदळले, शॉक खाली दबला आणि तिला उचलून पुन्हा वर आला. वळणाआड जाईपर्यंत काटेसाहेब त्या चाकाकडे पाहत होते. हवा आत होती. किती, ते सांगता येत नव्हते.

“काका, माझी मोजताय ना?” रांगेतल्या पुढच्या बाईंनी सायकल समोर आणली.

“मोजतो,” काटेसाहेब म्हणाले. “पण आधी तुम्हाला किती लागते ते सांगा. घेतलेली परत भरल्याशिवाय मी नळी काढत नाही.”