टॉवरच्या कानावरचं झाकण

मोबाइल टॉवर आणि हवामानाचं रडार यांना एकच रेडिओलहर वाटून दिलेली होती. रडारची चाहूल लागली की टॉवरने गप्प बसायचं, आणि ती चाहूल घ्यायला टॉवरवर एक छोटा यंत्राचा कान होता. पण टॉवर गप्प बसला की कॉल तुटत. टॉवर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला तर सासूबाईंनी जेवताना सुनावलं, "जावयाचा टॉवर, आणि फोन लागेल तर शपथ." वैतागून त्याने त्या कानावर पत्र्याचं झाकणच ठोकलं; टॉवर आता गप्प बसेना. सासूबाई गोड बोलू लागल्या.

पंधरवड्याने रडारवाल्या बाई आल्या, कपाळावर पट्टी बांधून. परवाची गारपीट त्यांच्या पडद्यावर दिसलीच नव्हती; या टॉवरच्या दिशेला नुसता पांढरा पट्टा होता. इशारा कुणालाच गेला नाही आणि त्या स्वतःही गारांत सापडल्या.

"एकदा वर बघून याल?"

तो चढला. झाकणाला गारांनी खळगे पाडले होते. ते काढून पिशवीत कोंबलं आणि खाली येऊन म्हणाला, "वर सगळं ठीक आहे."

"मग आमचंच यंत्र बिघडलं असणार. उगाच तुमच्यावर संशय घेतला, माफ करा."

"असू द्या," तो मोठ्या मनाने म्हणाला.

झाकणाची लाज त्याला वाटतेच. पण त्या 'असू द्या'ची आठवण झाली की तो आजही मान खाली घालतो.