खिडकीखालची सलामी

एव्हेराल्दोने खांद्यावरची बॅग छातीशी धरली आणि पाठ भिंतीला टेकवली. ओलिंदा गावच्या त्या अरुंद चढावरून कार्निव्हलची मिरवणूक वर येत होती. ढोलांचा दणका, हवेत उडणाऱ्या रंगीत छत्र्या, उन्हात घामाने निथळणारे लोक. सर्वांच्या पुढे जांभळं जरीचं निशाण घेऊन त्याची धाकटी बहीण इव्होनेत. अकरा वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते.

निळ्या घराच्या खिडकीखाली निशाण थांबलं आणि वाद्यं गप्प झाली. मग एकट्या ट्रम्पेटने संथ सूर धरला. खिडकी बंद होती.

“पाहुणे, टोपी काढा,” शेजारी तव्यावर तापियोकाची घावनं घालणारी म्हातारी पुटपुटली. “सलामी आहे. आमच्या मार्लुसेबाईंना. हे मंडळ त्यांनीच काढलं. पाय गेले तरी दर वर्षी खिडकीत बसायच्या. सहा वर्षं बघत आले मी. मागच्या पावसाळ्यात गेल्या.”

त्याने टोपी काढली.

“मुलगा साओ पावलोला असतो म्हणे. शेवटचे चार दिवस त्याच्याच नावाचा जप. लेकीने फोनवर फोन केले. मेल्याला आईसाठी रजा मिळेना!” तिने घावन उलटलं. “तुम्ही पहिल्यांदाच आलात वाटतं?”

रजा त्याने मागितलीच नव्हती. आई दर वेळेसारखी उठून बसेल, असं तो धरून चालला होता.

“हो,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच.”

सूर संपला. इव्होनेतने निशाण खाली झुकवलं, तशी माणसं पुढे होऊन त्याच्या कडेला ओठ लावू लागली. एव्हेराल्दोही गर्दीत शिरला. जरीचा काठ त्याच्या हातात आला, तेव्हा तिने त्याला पाहिलं.

“इव्हो...”

घडी सारखी करावी तसं तिने कापड त्याच्या बोटांतून सोडवून घेतलं.

“कार्निव्हल बघायला आलात?” ती मोठ्याने म्हणाली. जन्मात तिने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

“मी घरी आलोय गं.”

“घर पाहुण्यांना भाड्याने दिलंय या आठवड्यात. तुम्ही वरच्या चौकात उभे राहा. परगावच्यांना तिथून सगळं छान दिसतं.” तिने निशाण उचललं. “सरा मागे. लागेल.”

तो मागे सरला. ढोल एकदम कडाडले, छत्र्या उसळल्या, आणि मिरवणूक त्याला भिंतीशी दाबत वर निघून गेली.

“केवढे घामाघूम झालात!” म्हातारीने खोबरं घातलेलं गरम घावन त्याच्यापुढे धरलं. “खाऊन बघा. कुठल्या गावचे म्हणालात?”

एव्हेराल्दो बंद खिडकीकडे पाहत राहिला.

“साओ पावलो.”

म्हातारीने त्याचा चेहरा नीट निरखला. मग तिने ते घावन त्याच्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.