दोन सैल कोपरे

मित्रांनो, बुटांच्या नाड्या बांधताना तुम्ही ज्याच्यावर बसता आणि ज्याच्या पोटावर टाचा आपटता, तो मी. मी एक जुना लाकडी खोका आहे. तुम्हाला मी स्टूल वाटतो, यात तुमची काही चूक नाही. पण एके काळी मी वाद्य होतो, आणि तेही साधंसुधं नव्हे. मी वाजू लागलो की वर जमलेले ढग विचारात पडत आणि आल्या वाटेनं घरी जात. पटत नाही? राहू द्या. जन्मभर थापा खाल्ल्या आहेत मी. त्यातली एखादी तुमच्याकडे परतवली तर एवढं मनावर घेऊ नका.

आधी माझी रचना सांगतो, म्हणजे पुढचं दुःख कळायला सोपं जाईल. वाजवणारा माझ्यावर बसतो आणि आपल्या पायांच्या मधोमध असलेल्या माझ्या पुढच्या फळीवर तळहातांनी वाजवतो. ही फळी पातळ असते. मध्यभागी हात पडला की विहिरीच्या तळातून यावा तसा ‘धुम्’ निघतो. वरच्या कडेला पडला की ‘चट्’. हा ‘चट्’ म्हणजे माझी जीभ. तो निघावा म्हणून पुढच्या फळीचे वरचे दोन कोपरे चिकटवत नाहीत, नखभर सैल ठेवतात. हात पडला की ते आतल्या चौकटीवर आपटतात आणि बोलतात. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसा माझा जीव त्या दोन कोपऱ्यांत होता.

माझा जन्म एका मिस्त्रींच्या घरात झाला. मिस्त्री कपाटं करत. त्यांचं कपाट बंद झालं की आत अडकलेल्या माशीची गुणगुणसुद्धा बाहेर येत नसे. दार करकरलं, खण अडकला, फळी हलली, असं त्यांच्या कामात कधी व्हायचं नाही. ते छातीवर हात ठेवून सांगत, “लाकूड फाटेल, पण माझ्या हातचा सांधा सुटणार नाही.” आता अशा माणसाच्या पोटी मुलगी कशी यावी? तर दिसेल ते वाजवणारी. डबे, दारं, खिडकीचे गज, बापाची पाठ. घरात तिला खुडबुडी म्हणत. तिची आई घरीच शिवणकाम करायची. ती मशीन चालवू लागली की खुडबुडी शेजारी बसून टेबलावर ठेका धरायची.

“अगं, तुझ्या ठेक्याच्या नादात पाय पळतात माझे,” आई म्हणायची. “परवा शाळेच्या चड्डीला तिसरा पाय शिवत होते.”

कॉलेज संपता संपता खुडबुडीनं बापाला सांगितलं, “बाबा, मला एक खोका करायचाय. वाजवायचा.”

“तुला वेगळा कशाला? घरात आहे ते सगळं तुझंच वाजतंय.”

असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या सकाळी तेच काटकोन बघायचा गुण्या आणि करवत घेऊन हजर. माझ्या बाजू एका मोडीत निघालेल्या कपाटाच्या आहेत. पाठ एका डॉक्टरबाईंच्या टेबलाची, त्यामुळे मला आजही कुणी खोकलं की काळजी वाटते. पुढची पातळ फळी एका खणाच्या तळाची. पाठीवरचं गोल भोक ताटली ठेवून पेन्सिलीनं आखलं आणि बारीक करवतीनं कापलं. आत जुन्या गिटारच्या तारा ताणून बसवल्या, म्हणजे आवाजाला थोडी खरखर येते. बापलेक दिवसभर भुशात माखलेले असत. आई दारातूनच चहाचे कप पुढे सरकवायची आणि म्हणायची, “आत येत नाही बाई, मलाही पॉलिश कराल.”

सगळं झालं, पुढची फळी तेवढी राहिली. खुडबुडी म्हणाली, “बाबा, वरचे दोन कोपरे सैल ठेवायचे हं.”

“सैल? का म्हणून?”

“असेच असतात.”

“ज्याला बसवता येत नाही त्याचे असतात.”

ती काही कामाला बाहेर गेली आणि मिस्त्रींनी फळी चारी बाजूंनी चिकटवून टाकली. फळी दाबून धरायला शिकंजे लावले, कडा घासल्या, वर बोट फिरवून बघितलं. लेकीला खूश करायचं होतं त्यांना. ती आली, बसली आणि तिनं हात मारला. पिठाची गोणी जमिनीवर टाकावी तसा ‘ढप्’ आवाज आला. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत होते. चेहरा असा की नुकतीच शाबासकी मिळालेली आहे आणि आता ती ऐकायची तेवढी बाकी आहे.

“छान झालंय बाबा,” ती म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर गेल्याबरोबर मायलेकींनी मला स्वयंपाकघरात नेलं. आईनं मला गुडघ्यांत धरलं. खुडबुडीनं पातळ सुरी गॅसवर गरम केली आणि वरच्या दोन कोपऱ्यांच्या फटीत हळूहळू सरकवली. मिस्त्रींचा सांधा तो. सुरी वाकली, घाम निघाला.

“सांगून टाकू या का त्यांना?” आई म्हणाली. “कळलं तर?”

“कशाला? उगीच वाईट वाटेल त्यांना. दिसतंय कुठे?”

कोपरे सुटले आणि मी पहिल्यांदा बोललो. खरं सांगतो, त्या ‘चट्’नं समोरच्या इमारतीतली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळली. टाकीतल्या पाण्याला लाटा आल्या आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंची बादली नळ न सोडता भरली. संध्याकाळी मिस्त्रींनी ऐकलं तेव्हा तेही चमकले. “काल तर असा वाजत नव्हता.”

“आतल्या तारा जरा पिळल्या बाबा. त्यांचा आवाज आहे.”

मिस्त्री मान डोलावत म्हणाले, “बघ. घट्ट बसवला म्हणून वाजतोय. तू म्हणत होतीस सैल ठेवा.” आईनं मान खाली घालून मशीन जोरात चालवली. हसू लपवायला तिच्याकडे तेवढंच होतं.

मग माझे चांगले दिवस आले. गच्च्यांवर, शाळांच्या पटांगणांत, दुकानाच्या वरच्या माळ्यावर मी वाजलो. एकदा माझ्या ठेक्यावर रस्त्यातली कुत्री रांगेत चालू लागली आणि पोलिसानं शिट्टी वाजवून त्यांना आधी जाऊ दिलं. कार्यक्रम असला की मिस्त्री शेवटच्या रांगेत बसत. गाणाऱ्याकडे त्यांचं लक्ष नसे. लोकांनी टाळ्या वाजवल्या की ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत, “खोका आमच्याकडचा आहे. सांधे बघा.”

पुढे खुडबुडी वाद्यवृंदाबरोबर दुसऱ्या शहरात गेली. मी तिच्या सामानात मावेना. “पुढच्या खेपेला नेते,” ती म्हणाली. खेपा झाल्या. तिकडे तिनं दुसरा खोका घेतला. मी कपाटावर गेलो, माझ्यावर जुन्या उशा आल्या आणि उशांवर धूळ आली.

इथून पुढे मी काही वाढवून सांगणार नाही. वाढवायला आवाज लागतो.

मिस्त्रींचे हात थरथरू लागले. आधी स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना, मग चहा बशीत सांडू लागला. लोक तयार कपाटं घेऊ लागले होतेच. मिस्त्रींनी हत्यारं ओळखीच्या लोकांना देऊन टाकली, थोडी तेवढी पेटीत ठेवली. दिवसभर खिडकीत बसायचे. कुणी जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायचे, “हात गेले, पण एक सांगा, माझ्या हातचं काही सुटलं का अजून?” लोक नाही म्हणायचे. त्या ‘नाही’वर ते जगत होते, असं मला वाटतं.

एक दिवस खुडबुडीचा फोन आला. तिचा स्वतःचा असा पहिला कार्यक्रम ठरला होता, आणि तो तिला माझ्यावरच वाजवायचा होता. “बाबा, माझा खोका पुसून ठेवा. न्यायला येतेय.”

मिस्त्रींनी मला खाली उतरवलं. ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्या. पुसता पुसता त्यांचं बोट वरच्या कोपऱ्यावर आलं आणि थांबलं. नख आत गेलं. दुसरा कोपरा बघितला, तिथेही गेलं. आई शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. घरात कुणी नव्हतं, तरी त्यांनी आधी दार लोटलं.

“माझ्या हातचा,” ते म्हणाले. एवढंच.

आई घरात असती तर? मी हजारदा हा विचार केला आहे. ती नव्हती.

त्यांनी पेटी उघडली. थरथरत्या हातानं फटीत गोंद भरला. आतून पाठीच्या भोकातून हात घालून दोन्ही कोपऱ्यांत लाकडी ठोकळे चिकटवले. वरून स्क्रू मारले. पेचकस घसरायचा, बोटाला लागायचा, ते रक्त पुसून पुन्हा बसवायचे. स्क्रूंच्या डोक्यांवर पुट्टी भरली आणि ती घासून रंग लावला. शिकंजे उरले नव्हते म्हणून मला पट्ट्यानं आवळलं आणि वर इस्त्री आणि पिठाचा डबा ठेवला. मी ओरडत होतो. पण ज्या कोपऱ्यांनी मी ओरडायचो तेच बंद होत होते. काम संपलं तेव्हा कुठे सांधा होता ते मलाही दिसेना. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं सुंदर काम केलं नसेल.

खुडबुडी आली. पायातले बूट काढायच्या आधी माझ्यावर बसली. हात मारला.

ढप्.

पुन्हा मारला. मग तिचं बोट कोपऱ्यावर गेलं. बोटाला सगळं कळलं.

मिस्त्री समोर उभे होते. “कोपरे सुटले होते गं. कसे सुटले कळत नाही. माझ्या हातचं असं कधी झालं नव्हतं. पण बसवले पुन्हा. आता मी मेलो तरी सुटणार नाहीत.”

दारात आई उभी होती. तिनं लेकीकडे बघितलं. लेकीनं बापाच्या हाताकडे बघितलं. बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. मी वाट बघत होतो. ‘बाबा, तुमचा सांधा सुटला नव्हता, आम्ही सुरीनं सोडवला होता.’ एवढं एक वाक्य. त्या एका वाक्यात माझा आवाज होता आणि त्यांचा मानही.

“छान झालंय बाबा,” ती म्हणाली.

“आवाज बसलाय का जरा?”

“नाही हो. कपाटावर पडून होता ना, म्हणून.”

“मग वाजव.”

तिनं वाजवलं. आख्खा ठेका माझ्या मुक्या फळीवर वाजवला, हसऱ्या चेहऱ्यानं. मिस्त्रींनी गुडघ्यावर ताल धरला, पण हात तालात पडत नव्हता.

स्वयंपाकघरात मायलेकी कुजबुजल्या. “कोपरे परत उघडतील का गं?” “आता फळीच फोडावी लागेल. आणि ते समोर असताना मी हात लावणार नाही.” जाताना ती बापाला म्हणाली, “गाडीत जागा नाही बाबा. पुढच्या खेपेला नेते.”

मिस्त्रींनी मला उचलायला सोपं जावं म्हणून सुतळीची मूठ बांधून ठेवली होती. गाडी गेल्यावर ते आत आले, माझ्यावर बसले आणि फळीवर एकदाच हात मारला. कान खाली नेऊन ऐकलं. मग ती मूठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. तशीच राहू दिली.

त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. पेटीही देऊन टाकली. एकदा भाजी निवडता निवडता आईला म्हणाले, “माझ्या हातचंही सुटलं गं. आणि नीट करायला गेलो तर बिघडवून ठेवलं.”

“अहो, ते...” आई म्हणाली. मी श्वास रोखला. “चहा ठेवते,” ती म्हणाली.

मिस्त्री गेले ते हेच मनात घेऊन. मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. माझे दोन कोपरे सैल असते तर सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं मी त्यांना सांगितलं असतं.

आता मी इथे, खुडबुडीच्या, म्हणजे तुमच्या बाईंच्या, शिकवणीच्या दारात आहे. आतल्या खोलीत तुम्ही बोलके खोके वाजवता ते मला ऐकू येतं. परवा तुमच्यातलीच एक जण माझ्यावर हात आपटून म्हणाली, “बाई, हा मेलाय का?” बाई म्हणाल्या, “तो बसायला आहे.”

मित्रांनो, तुमच्या वस्तू जपा, पुसा, कपाटावर टाकून विसरू नका. हे सगळे सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. जपणाऱ्या माणसाला ती वस्तू कशानं जगते ते सांगून ठेवा. त्याला वाईट वाटलं तरी सांगा. आयुष्यभर मोठमोठ्या बाता मारलेला खोका तुमच्याकडे खरं बोलण्याची भीक मागतोय, हसू आलं तर हसा.

शिकवणी सुटते, तुम्ही जाता. मग कधीकधी तुमच्या बाई माझ्यावर येऊन बसतात. सुतळीची मूठ चाचपतात. वाकून वरच्या कोपऱ्यात नख घालून बघतात.

नख आत जात नाही. मिस्त्रींचं काम आहे ते.