बॅटरीबाई सिनेमाला जातात

जन्मभर थेटरात बॅटरी घेऊन फिरलेल्या बॅटरीबाईंना बिलगलेलं जोडपं दिसलं, की त्या ओरडायच्या, "हात सोडा!"

दोन बायकांच्या प्रेमाचा नवा सिनेमा लागला. एका घरात त्यांच्यासोबत म्हातारी झालेली तिकीटवाली म्हणाली, "आज तरी चारचौघांत माझा हात धर. नाहीतर यापुढे एकटीच जा."

"धरते गं बाई!"

पडद्यावर नायिकांनी हात धरले मात्र, बॅटरीबाई सवयीने ताडकन उठल्या. "हात सोडा!"

सगळं थेटर खो खो हसलं.

"अगं, रिटायर झालीस ना? बस खाली!" तिकीटवाली म्हणाली.

ओशाळून बसलेल्या बाईंनी अंधारात चाचपडत हात धरला.

"आजी," पलीकडचा दाढीवाला म्हणाला, "हा माझाय."

तिकीटवालीने हसता हसता त्यांचा दुसरा हात ओढून घेतला. मध्यंतराचे दिवे लागले, तरी बाईंनी तो सोडवला नाही.