परत येणाऱ्या ओळी

कागद गिरणीचा संप लांबत गेला, तसं गावातल्या शाळेत कुणी कुठे बसायचं हेही आपोआप ठरून गेलं. ज्यांचे बाप फाटकाबाहेर शेकोटीभोवती उभे असत, ती मुलं खिडकीकडच्या बाकांवर. ज्यांचे बाप संप मोडून आत गेले, ती भिंतीकडे. बारावीच्या इंग्रजीच्या वर्गात भिंतीकडे एकटा रेमी लाशान्स बसायचा.

रायली हाउताला खिडकीकडची. तिचे बाबा सगळी नोकरी त्याच गिरणीत काढून आता युनियनची पाटी गळ्यात अडकवून फाटकावर उभे राहत. आई हायवेवरच्या मोटेलात खोल्या साफ करायला जाऊ लागली होती. मोठा भाऊ एरो गिरणीत लागला आणि वर्षाच्या आत संप झाला. बाहेरगावचे मजूर पहाटे एका बसमधून आत नेले जायचे. बसच्या खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले असत, म्हणजे बाहेरच्यांना तोंडं दिसू नयेत. जानेवारीत एके दिवशी त्या बसमधून रेमीचा बाप उतरला, आणि तासाभरात ते गावभर झालं. त्याच आठवड्यात लाशान्सांच्या पुढच्या खिडकीतून दगड आत आला. पोलिसांनी विचारलं तेव्हा रेमीने एरोचं नाव सांगितलं. एरोवर केस झाली. तेव्हापासून रायलीने रेमीकडे पाहिलं असेल तर ते फक्त तो आपल्या नजरेत आहे हे त्याला कळावं म्हणून.

मार्चमध्ये स्प्राउल सरांनी जाहीर केलं की कवितेचे प्रकार या वर्षी ते शिकवणार नाहीत.

"इतकी वर्षं शिकवले," ते म्हणाले, "परीक्षा झाली की तुम्ही विसरता. आता तुम्ही शिकवा. दोघादोघांनी एकेक प्रकार घ्यायचा आणि वर्गाला शिकवायचा. परीक्षेत प्रश्न त्यावरच येतील. म्हणजे तुम्ही वाईट शिकवलंत, तर मार तुमच्याच मित्रांना बसणार."

त्यांनी आपल्या लोकरीच्या टोपीत नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला सुनीत आलं, कुणाला हायकू. रायलीला विलानेल आलं आणि जोडीला रेमी लाशान्स.

खिडकीकडून कुणीतरी लांबलचक शीळ घातली. रायली तास संपल्यावर सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, मी एकटीच करते. दुप्पट काम करते हवं तर."

"चिठ्ठी निघाली, रायली."

"माझ्या भावावर त्याच्यामुळे केस आहे."

"मला माहीत आहे," सर टोपी झटकत म्हणाले. "तुमचे आईबाप एकमेकांशी बोलेनात, त्याला माझा इलाज नाही. या खोलीत मात्र तुम्ही बोलणार. आवडीने बोला असं मी म्हटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं लायब्ररीत बसले. मधे एक रिकामी खुर्ची रायलीने मुद्दाम ठेवली होती. रेमीने त्या प्रकाराचे नियम आधीच पाठ केले होते. ते पाहून ती आणखीच चिडली.

"तू नियम सांग," ती म्हणाली. "मी वर्गाकडून एक विलानेल करून घेते. फळ्यावर तू लिही. बाकी बोलायची गरज नाही."

"चालेल."

"तुझा बाप का गेला आत?"

रेमीने पेन्सिल खाली ठेवली. "त्यालाच विचार. दुपारी तीननंतर घरी असतो. बेल वाजवायला नको, खिडकीला अजून प्लायवूडच आहे, हाक मारलीस तरी आत ऐकू जाईल."

"तू पाहिलं नव्हतंस एरोला. अंधार होता."

"त्याचं जाकीट पाहिलं. त्याचं पळणं पाहिलं. तो माझ्याबरोबर पाच वर्षं हॉकी खेळलाय, रायली. त्याचं पळणं मला अंधारातही कळतं."

तिने पुस्तक मिटलं आणि ती उठून गेली. दगड पडला त्या संध्याकाळी एरो घरात आला तेव्हा त्याचे हातमोजे ओले होते आणि तो कुणाकडे न बघता सरळ जिना चढून गेला होता, हे तिला चांगलं आठवत होतं. आईने टीव्हीचा आवाज वाढवला होता. बाबा पेपर वाचत राहिले होते.

त्यांची पाळी शुक्रवारी आली. रेमी फळ्यापाशी उभा राहताच खिडकीकडून पाय आपटणं सुरू झालं, फाटकावर बस आली की माणसं आपटतात त्याच ठेक्यात. डेल पर्विस, युनियनच्या अध्यक्षाचा मुलगा, ठेका धरत होता. सर उठू लागले, पण रेमी त्या आवाजावरच बोलायला लागला, आणि ऐकू येईना म्हणून हळूहळू पाय थांबले. शेवटी परीक्षा सगळ्यांनाच होती.

"एकोणीस ओळी," तो म्हणाला. "यमकं दोनच. तीन-तीन ओळींची पाच कडवी, शेवटचं चार ओळींचं. पहिल्या कडव्यातली पहिली आणि तिसरी ओळ महत्त्वाची. पुढच्या कडव्यांच्या शेवटी त्या आलटूनपालटून परत येतात. एकदा ही, एकदा ती. शेवटच्या कडव्यात दोघी एकीखाली एक येतात. म्हणून त्या दोन ओळी निवडताना विचार करायचा. एकदा घेतल्या की सुटका नाही."

मग रायली पुढे झाली. "पहिली ओळ द्या कुणीतरी."

डेलने हातही वर केला नाही. "खिडक्या झाकून पहाटे बस आत शिरली."

वर्ग हसला. भिंतीकडच्या बाकावर आता कुणीच नव्हतं, त्यामुळे हसू सगळ्या बाजूंनी आलं. सर म्हणाले, "पर्विस—"

"ओळ चांगली आहे, सर," रेमी म्हणाला आणि त्याने ती फळ्यावर लिहिली. खडू मोडला, त्याने दुसरा घेतला. "आता तिसरी. तीही परत येते, म्हणून आधी ठरवावी लागते. ती मी देतो."

कुणी हो म्हणायच्या आत त्याने एक ओळ रिकामी सोडून खाली लिहिलं: काच फुटली तेव्हा सगळी आळी गप्प उरली.

"ए, ही वर्गाची ओळ नाही," डेल म्हणाला.

"मी वर्गातच आहे."

"रायली, पूस ती."

रायलीच्या हाताशी डस्टर होतं. तिने ते उचललंही. मग तिच्या मनात आलं, त्याची एक ओळ, बाकीच्या सगळ्या आपल्या. इतक्या ओळींखाली ती कुठल्या कुठे गाडली जाईल. शिवाय पुसली तर तो म्हणणार, घाबरलात.

"यमक जुळतंय," ती म्हणाली. "राहू दे. मधली ओळ द्या. नवं यमक."

"रस्त्यावर कुणी कुणाचं घेईना नाव," कुणीतरी म्हणालं, आणि काम सुरू झालं.

सुरुवातीला सगळ्यांना चेव आला. इतके दिवस कॉरिडॉरमध्ये खांदे मारून आणि लॉकरवर खरडून जे बोलता येत होतं, ते आता हात वर करून, मार्कांसाठी बोलायचं होतं. रेमी प्रत्येक ओळ लिहायचा. कुठे यमक चुकलं तर मागे वळून सांगायचा, "हे जुळत नाही, दुसरं बघ," आणि शिवी देणारा निमूट दुसरा शब्द शोधायचा. दुसरं कडवं बसवर संपलं आणि टाळ्या पडल्या.

तिसऱ्यात डेलने सांगितलं, "थंडी उभ्या माणसांच्या हाडांत मुरली." त्याखाली दुसऱ्या कुणीतरी जोडलं, "आतल्यांनी पगारापायी विकला गाव." आणि त्याखाली नियमाप्रमाणे रेमीने त्याची ओळ लिहिली. काच फुटली तेव्हा सगळी आळी गप्प उरली.

टाळ्या झाल्या नाहीत. आतल्यांवर मारलेला टोला तिथवर जाऊन भलतीकडेच वळला होता. रायलीला ते सगळ्यांच्या आधी कळलं. ती ओळ गाडली जात नव्हती. दर थोड्या वेळाने ती वर येत होती, आणि जी ओळ तिच्यावर ठेवावी तिचीच मान पिरगाळत होती.

चौथं कडवं लवकर उरकलं, ते बसचं होतं. पाचव्याला कुणी बोलेना.

"मधली ओळ हवी," रायली म्हणाली. तिचा आवाज तिलाच रागीट वाटला. "नाव, गाव, काहीही. बोला."

मागच्या बाकावर नादीन कोस्की होती. तिचं घर लाशान्सांच्या समोरच. वर्षभरात ती वर्गात फारशी बोलली नव्हती. "पडदा ओढून म्हणालो, आम्हाला काय ठाव," ती म्हणाली.

"तुझा बाप कुठे उभा असतो, नादीन?" डेलने मान वळवून विचारलं.

"तुझ्या बापाशेजारी. तू ओळ मागितलीस ना?"

"मी नाही मागितली."

"मग तिने मागितली," नादीनने रायलीकडे बोट केलं.

रेमीने ती ओळ लिहिली. त्याची पाठ वर्गाकडे होती आणि हात जरा सावकाश चालत होता. खाली परत काच फुटली. आता शेवटचं कडवं राहिलं. शेकोटीची लाकडं सरली, मागे घेईना कुणी आपला डाव, अशा दोन ओळी कुणीकुणी पुटपुटत दिल्या. रेमीने त्या लिहिल्या आणि खडू रायलीपुढे धरला.

"शेवट तुझा. दोन्ही ओळी. तू वर्गाकडून करून घेणार होतीस."

"लिही तूच. तुझी आवडती आहे."

"एक तुमची आहे, एक माझी. दोन्ही माझ्याच अक्षरात कशाला?"

सगळा वर्ग बघत होता. तिने खडू घेतला. बसची ओळ तिने भराभर लिहिली. त्याखालच्या ओळीला हात गेला तेव्हा तिला टीव्हीचा वाढलेला आवाज ऐकू आला, आणि बाबांच्या पेपराचं ते पान दिसलं, जे त्या संध्याकाळी कितीतरी वेळ उलटलंच नव्हतं. तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. शेवटी पूर्णविराम देताना खडू इतका दाबला गेला की किरकिरला.

"आता पूस," डेल म्हणाला.

"परीक्षेला आहे. उतरवून घे," रायली म्हणाली.

मुलांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. घंटा झाल्यावर दाराशी ती आणि रेमी एकाच वेळी पोचले.

"एरोचं नाव तू दिलंस, हे मी विसरणार नाही," ती म्हणाली.

"नको विसरूस. परत विचारलं तर परत देईन."

"कुत्रा आहेस तू."

"असेन," तो म्हणाला आणि तिला वाट न देता आधी बाहेर पडला.

संध्याकाळपर्यंत ती कविता फाटकावर पोचली होती. डेलने बापाला सांगितलं असणार. रायली बटाटे सोलत होती तेव्हा बाबा आणि एरो एकदमच आत आले. एरोने बूटही काढले नाहीत.

"माझ्यावर कविता केलीस?"

"तुझं नाव नाही तिच्यात."

"नाव नाही म्हणून काय झालं? गावाला कळत नाही? पुढच्या महिन्यात माझी तारीख आहे, आणि माझी बहीण फळ्यावर लिहितेय. त्या संपफोड्याच्या पोराबरोबर."

"ओळ त्याची होती."

"अक्षर तुझं होतं," एरो म्हणाला. "पर्विसचा पोरगा सांगत होता, कुणी जबरदस्ती केली नाही म्हणून."

बाबा स्टोव्हपाशी उभे राहून हात शेकत होते. त्यांनी एरोला वर जायला सांगितलं. तो गेला, जिन्यावर मुद्दाम पाय आपटत गेला. मग बाबा म्हणाले, "हे दिवस कसले आहेत ते तुला कळायला हवं होतं. बाहेर आपण सगळे एका तोंडाने बोलतो, म्हणून टिकलोय."

"मी खोटं काय लिहिलं?"

"खऱ्याखोट्याचं मी बोलत नाही."

"तुम्ही घरातच होतात बाबा. पेपर वाचत होतात. सांगा ना, खोटं काय आहे त्यात?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ते आता हात उगारतील असं क्षणभर तिला वाटलं. त्यांनी तिच्यावर कधीच हात उगारला नव्हता. पण ते फक्त स्टोव्हचं दार उघडून आत लाकूड सारू लागले, मावणार नाही इतकं मोठं, आणि ते बसेना तरी सारत राहिले.

"जेवण तयार झालं की हाक मार," ते शेवटी म्हणाले आणि बाहेर शेडकडे गेले.

एरो दोन महिने तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. कोर्टात मात्र त्याने गुन्हा कबूल केला. वकिलाने सांगितलं म्हणून की आणखी कशासाठी, हे त्याने घरात कुणाला सांगितलं नाही. त्याला नव्या काचेचे पैसे भरायची आणि उन्हाळाभर गावच्या कामावर जायची शिक्षा झाली. संप मे महिन्यात मिटला. युनियनला मागितलं त्यातलं थोडं मिळालं. बाबांना कामावर परत घेतलं, रात्रपाळीवर, आणि त्याच पाळीत रेमीचा बाप होता. दोघं एकाच यंत्राच्या दोन टोकांना उभे राहत आणि खुणांनी काम चालवत.

स्प्राउल सरांच्या परीक्षेत विलानेलचा प्रश्न सगळ्या वर्गाने बरोबर सोडवला. सुनीतात निम्मे गोंधळले. सरांनी रायली आणि रेमीला सारखेच मार्क दिले, आणि त्यावरूनही दोघं भांडली. तिचं म्हणणं, त्याला नियम तेवढे पाठ होते. त्याचं म्हणणं, तिला तेही नव्हते. सर म्हणाले, "तुम्ही आता बाहेर जाऊन भांडा," आणि दोघं खरंच बाहेर जाऊन, सायकलींच्या स्टँडपाशी, शाळेची बस सुटेपर्यंत भांडत उभी राहिली.