दुसरी सिस्टिम

रसिकाकडून एवढीशी चूक झाली. गोडदेव गावातल्या त्या दोन खोल्यांत नवऱ्याच्या, अभिनवच्या इस्टेट एजन्सीचा कॉम्प्युटर होता. त्याच्या हार्ड डिस्कचा एक तुकडा वेगळा करून तिने गुपचूप लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली होती. भाईंदरच्या क्लासमध्ये ती हेच शिकवायची. विंडोजमधून तो तुकडा दिसतच नसे. तिच्या अंगावरच्या वळांचे फोटो तिथे होते, शेजारच्या सुचेताने काढलेले. त्यांच्याशिवाय केस उभी राहणार नाही, असं वकीलबाईंनी बजावलं होतं.

मशीन सुरू होताना दोन्ही सिस्टिमची नावं दाखवणारा मेनू तिने लपवला होता. काल व्हायरस शिरला म्हणून तिने विंडोज नव्याने टाकलं, तर मेनूच पुसला गेला. अभिनव जिना चढत असताना तिने घाईघाईने तो परत बसवला आणि लपवायला विसरली.

सकाळी त्याने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन नावं आली.

"हे दुसरं काय आहे?"

"क्लासचं आहे हो, पोरांना शिकवायला."

"मग उघड."

ती हलली नाही, तसा त्याने तिचा हात पाठीमागे पिरगळला आणि तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. "पासवर्ड टाक!" खांदा निखळायला आला तेव्हा तिने डाव्या हाताने टाकला.

पडद्यावर तिची पाठ आली. मग काळानिळा दंड, सुजलेला कान. आपली करणी बघून माणूस शरमला असता; हा मेला पिसाळला. स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आला. पहिला घाव तिच्या बरगडीत बसला, पुढचे सगळे मॉनिटरवर. काचा उडाल्या, जळका वास सुटला.

"आता दाखव पोलिसांना! दाखव ना!"

रसिका भिंतीला टेकून कशीबशी श्वास घेत होती. हार्ड डिस्क असलेल्या टेबलाखालच्या डब्यातला पंखा अजून फिरत होता. पडदा फोडला की सगळं गेलं, असं या शहाण्याला वाटत होतं. रोज त्याच मशीनवर बसून त्याला एवढंही कळलं नव्हतं. आपल्याला हसू फुटेल की काय, याची तिला भीती वाटली.

"आवर हे," तो धापा टाकत म्हणाला. "आणि तो खालचा डबा पण भंगारात देऊन ये. घरात नकोय मला."

"बरं."

तिने वायरी उपसल्या आणि डबा दुखऱ्या बरगडीशी धरला. दार त्यानेच उघडून दिलं.

भंगारवाला नाक्यावरच बसला होता. त्याच्यासमोरच तिने रिक्षाला हात केला.

"किधर?"

"पोलीस स्टेशन," रसिका म्हणाली, आणि डबा मांडीवर घट्ट धरून मोठ्याने रडायला लागली.