ओवलेल्या सुया

दोऱ्याचं सुटलेलं टोक तिने बोटांनी चाचपलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मण्यांनी मढवलेल्या गाऊनच्या कमरेवर वीतभर जागा उघडी पडली होती. सकाळी घालून बघताना गायिकाबाईंच्या अंगठीत हे टोक अडकलं आणि साखळीटाक्याच्या पाच ओळी सरसर उसवल्या. शेवटची गाठ तिची होती. तिच्याकडून ती मारायचीच राहिली होती.

वर्षभर तिची नजर जात होती. आरीचं, म्हणजे आकड्याच्या सुईचं, भरतकाम कापडाच्या उलट बाजूने चालतं, मणी खाली राहतात. बोटं शहाणी असली की डोळ्यांवाचून निभतं. पण शिवून झालेला गाऊन परत चौकटीवर चढत नाही. आता सुलट बाजूने, सुईने, एकेक मणी बघून लावायचा. बघून! घरात मिळवती ती एकटी. ज्यांचं हे शिवणघर, त्या बाईंना कळलं तर उद्या दारातही उभं करणार नाहीत.

शेजारी तिची वेगळं बिऱ्हाड केलेली जाऊ मान खाली घालून काम करत होती. सासूच्या शिवणयंत्रावरून दोघींत वर्षभर विस्तव जात नव्हता, तेव्हा तिला विचारायची सोय नव्हती. समोर दोन वाट्या होत्या, एकीत रुपेरी मणी, दुसरीत राखाडी. तिला दोन्हींत धुकंच दिसलं. टाचण्यांच्या उशीला सात सुया तेवढ्या ओवलेल्या होत्या. रोज सकाळी असतच. कोण ओवतं, हे तिने भीतीपोटी कधी विचारलं नव्हतं.

तिने सुई उचलली आणि जीव मुठीत धरून डावीकडच्या वाटीत बुडवली.

दुपारी बाईंनी गाऊन खिडकीशी धरला.

"पाचही ओळी राखाडी? अगं, रुपेरी हवे होते! चारला गायिकाबाई येतायत. कोणाचं काम हे?"

खुर्चीची कड घट्ट धरून ती उठायला लागली.

"माझं," जाऊ म्हणाली.

"तुझं? तुझ्या हातून असं?"

"लक्ष नव्हतं, बाई. द्या इकडे, उसवून भरते."

चारच्या आत जावेने ओळी भरल्या, बिनचूक. गायिकाबाई गाऊन घेऊन खुशीत गेल्या. बाईंचा राग मात्र गेला नाही.

"उद्यापासून तू खाली गुंड्या लावायला बस," त्या जावेला म्हणाल्या.

आता तरी बोल, असं ती स्वतःला बजावत राहिली. पण जीभ उचलली नाही. स्वतःची एवढी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती. सुटी झाल्यावर ती जिन्यापाशी थांबली; जाऊ नेहमीसारखीच शेजारून उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी जागेवर येऊन बसली; शेजारची जागा रिकामी होती. उशीवरून हात फिरवला. सुया होत्या, सातच्या सात. एकीतही दोरा नव्हता.